दुसऱ्याच्या अंगावरची लोकर

लंडन, लीड्स, एडिंबरा, म्युनिक, टोरांटो यांपैकी कुठेही शिकायला निघालेल्या मराठी मुलाची बॅग उघडून पाहिली, तर थंडीची तयारी साधारण सारखीच दिसते. थर्मलचे दोन-तीन जोड, अॅक्रिलिकचे स्वेटर, माकडटोपी आणि अर्धी बॅग व्यापणारं एक फुगीर जॅकेट. या खरेदीत आईवडिलांचे बरेच पैसे गेलेले असतात. निघताना आई सांगते, ‘पैसे कमी पडले तर कळव रे, पण कुणाचे उतरलेले कपडे अंगाला लावू नकोस.’ त्या वाक्यामागची माया मला कळते. तरीही माझं मत बरोबर उलट आहे. थंड देशात बेताच्या पैशांत राहणाऱ्या माणसाने लोकरीचे कपडे शक्यतो वापरलेलेच घ्यावेत. नुसती ऊब मिळावी एवढ्यासाठी नव्हे, तर चांगलं दिसावं म्हणून घ्यावेत. आणि ते घालताना आपण काही कमीपणा पत्करतो आहोत असं मनाच्या कोपऱ्यातही आणू नये. यातल्या शेवटच्या मुद्द्यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, पण त्याआधी थंडीविषयी थोडं.

कपडा स्वतः ऊब देत नाही. ऊब शरीराची असते, कपडा ती बाहेर जाऊ देत नाही, आणि हे अडवण्याचं खरं काम करते ती धाग्यांमध्ये कोंडलेली स्थिर हवा. लोकरीचा तंतू मुळात कुरळा असतो, म्हणून विणलेल्या लोकरीत हवेला थारा भरपूर मिळतो. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश इतकी वाफ पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. सुती बनियन घामाने भिजला की अंगाला चिकटतो आणि वारा लागताच गार पडतो. लोकरीचं तसं होत नाही. आणि ऊब कोंडलेल्या हवेमुळे टिकते, म्हणून एका जाडजूड स्वेटरपेक्षा दोन पातळ स्वेटर, मध्ये हवेचा एक थर ठेवून घातलेले, पुष्कळदा जास्त ऊबदार ठरतात. वारा अडवायला वरून एक कोट असला की झालं. आपल्या धनगरांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. दख्खनी मेंढीची लोकर भरड, टोचरी. घोंगडी उघड्या अंगाला लावायची नसते, आत कोपरी किंवा सदरा असतो आणि घोंगडी वरून येते. मऊ आत, भरड बाहेर, हा थरांचा पहिला नियम माणदेशातल्या माळरानावर आणि यॉर्कशरच्या टेकड्यांवर एकच आहे.

पण इंग्लंडसारख्या देशात थंडीचा प्रश्न नुसता थंडीचा नसतो. बाहेर तीन अंश, बस गरम, वाचनालयात वीस-एकवीस अंश, दुकानात त्याहून जास्त, आणि पुन्हा बाहेर बोचरा वारा. दिवसातून दहा वेळा कपडे काढायचे आणि चढवायचे असतात. मग काढल्यावर आत जे उरतं ते चारचौघांत दिसण्याजोगं असायला हवं. नोव्हेंबर उजाडला की विद्यापीठाच्या वाचनालयात आपली मुलं दिसतात, हीटरजवळ बसलेली, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावलेली, कपाळावर घाम. जॅकेट काढता येत नाही, कारण आत चुरगळलेला थर्मल आहे आणि थर्मल म्हणजे आतला कपडा. तासाभराने तेच घामेजलेलं अंग घेऊन ती बाहेरच्या थंडीत जातात आणि कुडकुडत राहतात. नीटनेटकं दिसण्याचा आणि ऊब सांभाळण्याचा संबंध इतका सरळ आहे. ज्याचा प्रत्येक थर स्वतःच्या बळावर उभा राहतो, कॉलरचा शर्ट, त्यावर पातळ व्ही-गळ्याचा स्वेटर, त्यावर कार्डिगन, त्यावर कोट, तो माणूस कुठल्याही खोलीत निवांत असतो. म्हणून थंडीच्या मुलखात चांगले कपडे करण्याला मी चैन म्हणायला तयार नाही.

अडचण एवढीच की असे तीन-चार थर चांगल्या लोकरीत नवे घ्यायचे म्हटले तर विद्यार्थ्याच्या महिन्याच्या भाड्याला हात लागतो. कोकराच्या लोकरीचा एक बरा नवा स्वेटरही त्याला महागच पडतो. मग स्वस्त दुकानातला अॅक्रिलिक येतो. दोन महिन्यांत त्याला गोळे धरतात, मनगटं सैल पडतात आणि पुढच्या हिवाळ्यात तो कचऱ्यात जातो. त्याच गल्लीत चार दारं सोडून धर्मादाय संस्थेचं दुकान असतं. तिथे तसा लोकरीचा स्वेटर सात ते बारा पौंडांना टांगलेला असतो, आणि पुष्कळदा तो नव्यापेक्षा सरस असतो.

सरस कसा, हे हातात घेऊन पाहिल्याशिवाय पटत नाही. मी राहते त्या लीड्समध्ये अशाच एका दुकानातून घेतलेला एक स्वेटर हे लिहिताना माझ्यासमोर आहे. बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा, व्ही-गळा, पुरुषांचा. गळ्याच्या मागे लेबल आहे ‘सेंट मायकल’. मार्क्स अँड स्पेन्सरचा हा घरचा शिक्का १९२८ पासून चालत आलेला, तो २००० साली बंद झाला. म्हणजे हा स्वेटर निदान पाव शतकाचा आहे. त्या काळात ही कंपनी आपला बहुतेक माल ब्रिटनमध्येच विणून घेई. लेबलावर शंभर टक्के लोकर लिहिलेलं आहे, पण लेबलापेक्षा खांदा जास्त सांगतो. बाही जिथे अंगाला जुळते तिथे टाके दोन-दोन करून मिटत गेल्याच्या तिरप्या खुणा ओळीने दिसतात. याचा अर्थ प्रत्येक भाग आपापल्या आकारात विणला आणि मग टाक्याला टाका जोडून घेतला. स्वस्त स्वेटरचं कापड ताग्यासारखं विणतात, कात्रीने बेततात आणि मशीनवर शिवतात. तो धुतल्यावर एका अंगाला पिळतो, हा पिळत नाही. मनगटाची पट्टी मी बोटांनी ताणून सोडली, ती जागच्या जागी परत आली. मग खिडकीशी नेऊन उजेडावर धरला. कसर लागली असेल तर अशा वेळी टाचणीच्या टोकाएवढी भोकं चमकतात. डाव्या कोपराशी वीण पातळ झाली होती, भोक नव्हतं. पूर्वीचा मालक डाव्या कोपरावर रेलून वाचत असेल, किंवा खिडकीबाहेर पाहत असेल. मी तिथे आतून त्याच रंगाच्या लोकरीने रफू केला. सात पौंड आणि एक संध्याकाळ. या भावात इतकं कसब मला नव्याच्या दुकानात मिळणं शक्य नव्हतं, आणि या कसबाचा कपडा अंगावर आला की माणूस वेगळा दिसतोच. मार्क्स अँड स्पेन्सरची सुरुवात १८८४ साली याच लीड्समधल्या कर्कगेट बाजारात पेनी-पेनीचा माल विकणाऱ्या एका टपरीने झाली. ती टपरी मायकल मार्क्स या पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरिताची होती. परमुलखातून थोड्या पैशांत आलेल्या माणसांचं या गावाशी आणि या कपड्यांशी असलेलं नातं नवं नाही.

आता आईच्या त्या वाक्याकडे येते.

वापरलेलं कापड मराठी घराला वर्ज्य कधीच नव्हतं. बाळाच्या अंगाला पहिलं लागतं ते नवं कोरं कापड नसतं, आजीच्या धुऊन-धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं दुपटं असतं. गोधडी तर जुनेराचीच. थोरल्या चुलतभावाचा शाळेचा शर्ट धाकट्याला, त्याच्यानंतर त्याच्या धाकट्याला, हे घरोघरी चालत आलं आहे. वाढत्या पोराचा स्वेटर उसवून, लोकर वाफेवर सरळ करून, त्यात एखादा दुसरा रंग घालून नवा स्वेटर विणणाऱ्या आया माझ्या पिढीने पाहिल्या आहेत. तेव्हा हरकत जुन्याला नाही, हरकत परक्याला आहे. आपल्या माणसाच्या अंगावरचं चालतं, अनोळखी माणसाच्या अंगावरचं चालत नाही. स्वच्छतेचं कारण पुढे केलं जातं, पण ते टिकणारं नाही. लोकर कोमट पाण्यात हलक्या साबणाने धुता येते, कसरीची शंका असेल तर पिशवीत बांधून चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवता येते. हॉटेलातल्या चादरीवर आपण निर्धास्त झोपतो, ती आपल्याआधी कुणी पांघरली होती हे विचारत नाही.

खरं कारण खोल आहे आणि ते जातीपाशी जातं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रं नेसावीत असं सांगितलं आहे. त्याच अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टं अन्न आणि जीर्ण वस्त्रं द्यावीत असंही आहे. हे पोथीतच राहिलं असतं तर गोष्ट वेगळी, पण महाराष्ट्राच्या गावगाड्यात मढ्यावरचं कापड महारांच्या हक्काचं म्हणून त्यांच्या पदरात टाकलं जात होतं. नाव हक्क, काम हिणवण्याचं. कुणाच्या अंगावर काय आहे यावरून तो कोण आहे हे लांबून कळावं अशी ती व्यवस्था होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, आणि त्याच परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकर स्त्रियांशी लुगडं कसं नेसावं, दागिने कोणते टाकून द्यावेत, याविषयी बोलले. पाण्याच्या हक्काची आणि समतेची लढाई चालू असताना नेसण्याची गोष्ट त्यांना किरकोळ वाटली नाही. अंगावरच्या खुणेने माणूस खाली ठेवला जातो, तर ती खूण अंगावरून उतरवणं हाही लढ्याचाच भाग होता. पुढे त्यांचा स्वतःचा बेतशीर सूट लाखो माणसांच्या मनात घर करून राहिला, त्याचंही कारण हेच.

म्हणून एखाद्या बौद्ध घरातली आई आपल्या मुलीला ‘कुणाचं जुनं घालू नकोस’ म्हणते, तेव्हा तिचं म्हणणं आणि सोवळ्यातल्या घरातल्या आईचं तेच म्हणणं एका मापाने मोजता येत नाही. एकीला विटाळाची भीती आहे. दुसरीला पिढ्यान्‌पिढ्या लादलेला अपमान आठवतो आहे. मी देणाऱ्यांच्या बाजूच्या घरात वाढले. आमच्याकडे बोहारीण यायची, जुन्या साड्यांच्या बदल्यात स्टीलचा डबा ठेवून जायची, आणि घासाघीस करताना आमच्या दारात तिला बसायला पाट मिळत नसे. ती साडी पुढे कुणाच्या अंगावर गेली याचा विचार आमच्या घरात कुणी केला नाही. जुने कपडे ‘फॅशन’ म्हणून घालणं हे, ज्याला नवे घालायला कुणी अडवलं नव्हतं, त्याला सोपं जातं. ‘थ्रिफ्ट’च्या नावाने आज जे कौतुक चाललं आहे त्यात हा मुद्दा मला क्वचितच दिसतो, आणि तो वगळून या विषयावर बोलणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

पण याच मुद्द्याच्या अंगाने पुढे गेलं तर मला जे दिसतं ते असं. कपडा वापरलेला आहे म्हणून हलका ठरत नाही. तो हलका ठरतो देणाऱ्याच्या हातामुळे. देणारा वर, घेणारा खाली. देणारा निवडतो, घेणारा मिळेल ते घेतो. देणाऱ्याला ते पुढे आयुष्यभर लक्षात राहतं आणि घेणाऱ्याला विसरता येत नाही. धर्मादाय दुकानात हे तिन्ही धागे तुटलेले असतात. तिथे देणारा समोर नसतो, तो कोण हे दुकानातल्या बाईंनाही माहीत नसतं. निवड माझी असते. मी पंधरा स्वेटर परत टांगते आणि सोळावा घेते. आणि मी दाम मोजते. प्राध्यापक असो, नर्स असो, नुकतीच आलेली निर्वासित बाई असो, पट्टीवर लिहिलेला आकडा सगळ्यांना सारखा. दाम मोजला की उपकार संपतो. माझ्या लेखी वापरलेल्या कपड्यांच्या बाजाराचं सगळ्यांत मोठं देणं हेच आहे, स्वस्ताई आणि पर्यावरण त्याच्या मागून येतात.

ही दुकानं अशी घडली त्यालाही इतिहास आहे. ऑक्सफॅम ही संस्था १९४२ साली ग्रीसमधल्या दुष्काळग्रस्तांसाठी सुरू झाली. लोकांनी दिलेलं सामान गरजेहून जास्त जमलं, तेव्हा ते विकून पैसा उभा करावा या हिशेबाने १९४० च्या दशकाच्या अखेरीस ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर दुकान निघालं. आज ब्रिटनमध्ये अशी दहा हजारांहून जास्त दुकानं आहेत. दान मिळालेल्या मालाच्या विक्रीवर त्यांना व्हॅट भरावा लागत नाही, आणि काउंटरवर बसणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात. त्याच चाळीसच्या दशकात या देशाने १ जून १९४१ ते १५ मार्च १९४९ अशी जवळजवळ आठ वर्षं कपड्यांचं रेशनिंग सोसलं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं. सरकारनेच १९४३ मध्ये ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिका काढून जुन्याचं नवं कसं करावं हे घराघरांत पोचवलं. लोकर उसवा, धुवा, पुन्हा विणा. तंगी सगळ्यांच्या वाट्याला आली तेव्हा रफू ही गरिबीची खूण उरली नाही.

वापरलेल्या कपड्यांविरुद्ध एक आक्षेप मात्र मला अजून छळतो. पगारदार माणसाने तिथून स्वेटर उचलला, तर ज्याला दुसरा पर्याय नाही त्याच्या तोंडचा घास गेला का? भाव वाढले आहेत हे खरं आहे. हेरून चांगला माल उचलायचा आणि फोनवरून दुप्पट-तिप्पट किमतीला विकायचा, हा धंदाही जोरात आहे. मी स्वतःपुरती एक रेघ आखून घेतली आहे. मुलांचे गरम कोट, पावसाचे बूट, जाड रजया यांना मी हात लावत नाही, ते ज्याला लगेच हवेत त्याच्यासाठी राहू देते. विणलेल्या लोकरीचं गणित वेगळं आहे. ती दुकानात येते भरपूर आणि खपते कमी, कारण ती हाताने धुवावी लागते आणि आजच्या घरात तेवढी उसंत नसते. न खपलेले टी-शर्ट आणि जीन्स गठ्ठ्यांत बांधून आफ्रिकेत जातात. घानात अक्रा शहराच्या कांतामांतो बाजारात त्यांचे ढीग पडतात, आणि तिथेही ते सगळे खपत नाहीत. पण स्वेटर उष्ण देशात कोण घेणार? त्याची वाट पानिपतला जाते.

पानिपतचा हा धंदा प्रत्येक मराठी वाचकाने एकदा समजून घ्यावा असा आहे. अखंड वापरलेले कपडे भारतात आणण्यावर निर्बंध आहेत, म्हणून थंड देशांतले लोकरीचे कपडे जागोजाग फाडून, चिंध्या म्हणून आणले जातात. तिथे बायका रांगेने बसून बटणं, चेनी, लेबलं, अस्तर कापून काढतात. मग रंगाप्रमाणे ढीग लागतात, लालात लाल, निळ्यात निळा, म्हणजे पुन्हा रंगवण्याचा खर्च वाचतो. यंत्रात घालून ते पिंजले जातात आणि त्या लोकरीचं सूत कातून कांबळी होतात. पूर आला, भूकंप झाला की वाटली जाणारी करडी-तपकिरी कांबळी वर्षानुवर्षं अशीच बनत आली. ही युक्तीसुद्धा मूळ लीड्सच्या परिसरातलीच. लीड्सपासून तासाभराच्या आत पोचता येतं अशा बॅटली गावात बेंजामिन लॉने १८१३ च्या सुमारास लोकरीच्या चिंध्या पिंजून पुन्हा कातायला सुरुवात केली आणि त्यावर आसपासची गावं उभी राहिली. आता त्या गिरण्या बंद आहेत आणि काम पानिपतला गेलं आहे. तिथेही पॉलिएस्टरच्या मऊ ब्लँकेटांनी जुन्या लोकरीच्या कांबळ्यांना मागे सारलं आहे. पिंजताना तंतू तुटतो, आखूड होतो. ज्या खांद्यावर टाक्याला टाका जोडलेला होता तो खांदा यंत्राच्या दातांत एका क्षणात नाहीसा होतो. म्हणून चांगल्या स्थितीतला स्वेटर मी घेतला तर कुणाच्या तोंडचा घास जाण्यापेक्षा, तो यंत्राच्या तोंडून वाचण्याची शक्यता बरीच जास्त आहे. यात पुण्य मी मानत नाही. स्वस्त आहेत म्हणून दहा-दहा स्वेटर घेऊन कपाट भरणारा माणूस नव्या दुकानातल्या हावऱ्या गिऱ्हाइकाइतकंच चुकतो. एका हिवाळ्याला एक पातळ, एक मध्यम, एक जाड, एवढे तीन पुरतात.

आपल्याच देशात हे ज्यांना फार आधी कळलं ते ईशान्येकडचे लोक. शिलाँग, कोहिमा, ऐझॉल इथल्या बाजारांत वापरलेल्या कपड्यांचे गठ्ठे फुटतात तेव्हा मुलं-मुली सकाळी लवकर जाऊन निवड करतात. तिकडची मुलं पुण्याला शिकायला आली की त्यांच्या पोशाखाची नक्कल आपली मुलं करतात, आणि ते कपडे कुठून आले हे क्वचितच विचारतात. त्या देखणेपणाचं मूळ निवडीत आहे. ढिगातून एक-एक वस्तू डोळ्यांनी आणि बोटांनी पारखून घेणाऱ्याला रंग, पोत, माप यांची जी समज येते, ती पुतळ्यावरचा तयार जोड विकत घेणाऱ्याला यायला वाव नसतो.

ही समज कशी दिसते तेही सांगायला हवं. थर चढवताना पातळ आत आणि जाड बाहेर हे झालंच, पण बाह्यांचे घेर तपासून घ्यावेत. आतला स्वेटर काखेत गोळा झाला की सगळा डौल गेला. प्रत्येक थराचा थोडासा भाग दिसू द्यावा, गळ्याशी कॉलर, मनगटाशी शर्टाची बोटभर कड. रंग दोन शांत असावेत आणि एकच बोलका: राखाडी, गडद निळा आणि त्यावर मोहरीचा मफलर. वीणही वेगवेगळी चांगली दिसते, गुळगुळीत स्वेटरवर जाड वेणीच्या नक्षीचा कार्डिगन, त्यावर खडबडीत ट्वीड. खांद्याची शिवण आपल्या खांद्यावर बसत नसेल तर स्वेटर कितीही चांगला असो, परत टांगावा. लांबी, बाही, बटणं बदलता येतात, खांदा बदलता येत नाही. गोळे ब्लेडने हळूच काढावेत. धुतल्यावर दोरीवर टांगू नये, टॉवेलवर सपाट वाळवावा, नाहीतर पाण्याच्या भाराने तो ओघळून गुडघ्यापर्यंत येतो. आणि हिवाळा संपला की धुऊनच ठेवावा, कारण कसर घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी जाते. डांबरगोळ्या टाकल्या म्हणजे न धुता चालतं हा समज खोटा आहे.

स्त्रियांना इथे पुरुषांपेक्षा जास्त मोकळीक आहे आणि आपण ती पुरेशी वापरत नाही. डिसेंबरात मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला साडी नेसून आलेल्या बायका हॉलबाहेर कुडकुडतात, कारण साडीवर चालेल असं गरम काही त्यांच्याकडे नसतं. इरकली साडीखाली ब्लाउजऐवजी उंच गळ्याचा पातळ लोकरीचा स्वेटर घालून पाहावा, आत लोकरीचे पायमोजे, वर पुरुषी मापाचा ट्वीडचा कोट. निऱ्यांचा घोळ कोटाखालून निघतो तेव्हा तो इतका रुबाबदार दिसतो की रस्त्यावरची माणसं थांबून विचारतात. नऊवारीवर हाफ स्वेटर घालून पहाटे शेतावर जाणाऱ्या नाशिक-निफाडकडच्या आज्यांनी हे आधीच करून ठेवलं आहे, आपण फक्त त्याकडे पोशाख म्हणून पाहिलं नाही.

परदेशातल्या मराठी मंडळांनी या बाबतीत काही करावं असं मला मनापासून वाटतं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे. आता तर गावोगावी मंडळं आहेत, आणि गणपती-दिवाळीच्या मध्ये नवी मुलं नेमकी विमानातून उतरत असतात. त्याच वेळी शिक्षण किंवा नोकरी संपवून परतणारी माणसं चांगले कोट आणि स्वेटर मागे टाकून जातात. सप्टेंबरच्या एखाद्या शनिवारी हॉल उघडावा. परतणाऱ्यांनी धुतलेले कपडे आणून टांगावेत, कुणाचं काय हे कुठेही लिहू नये. फुकट काहीच देऊ नये. स्वेटर पाच पौंड, कोट पंधरा, सगळ्यांना एकच भाव, पैसे मंडळाच्या पेटीत. अध्यक्षांनी वाटपाचे फोटो काढू नयेत, कारण हे वाटप नव्हे. एक मोठा आरसा हवा, एक चांगला दिवा हवा, आणि ज्या काकूंना रफू येतो त्यांनी सुई-लोकर घेऊन कोपऱ्यात बसावं, म्हणजे ज्याला शिकायचं आहे त्याला शिकता येईल.